एका वाक्यापुरता ड्रायव्हर

प्रति,
मा. उपसंचालक,
सहायक साधने वाटप व तपासणी कार्यालय,
दुसरा मजला (जिना मागील बाजूने).

विषय : लाभार्थीस दिलेल्या संगणकातून काढून टाकलेला ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर एका वाक्यापुरता परत बसवण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले परिपत्रक, 'शासकीय साधनांत फक्त खुली सॉफ्टवेअर ठेवणेबाबत'. २) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज. ३) साधन परत घेण्याची आपली नोटीस.

महोदय,

अर्जदाराचा चौथा अर्ज, त्यात 'मी', 'माझी बायको', 'आमचं घर' असे शब्द आल्यामुळे, 'वैयक्तिक स्वरूपाचा' असा शेरा मारून परत करण्यात आला. म्हणून या पाचव्या अर्जात अर्जदारास अर्जदार आणि त्याच्या पत्नीस लाभार्थी म्हटले आहे. इतक्या वर्षांच्या संसारात अर्जदाराने पत्नीस बऱ्याच नावांनी हाक मारली, पण लाभार्थी या नावाने कधी नाही. तिला वाचून दाखवले तर ती हसेल. हसणे आता चेहऱ्यावर येत नाही, डोळ्यांत दिसते. तरी कार्यालयाच्या पद्धतीस मान देऊन लिहिले आहे, गोड मानून घ्यावे.

१) अर्जदार हा बाजाराच्या तोंडाशी एका टपरीत कुलूप-किल्लीचे काम करतो. लाभार्थी ही बसस्थानकावर गाड्यांच्या सूचना देण्याच्या नोकरीत होती. तिच्या आवाजावर गाड्या सुटत आणि ज्यांची गाडी चुकली ते तिच्याच खिडकीशी येऊन भांडत. अशा एकाही भांडणात ती हरल्याचे अर्जदाराच्या ऐकिवात नाही. कोणत्याही प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देण्याची तिला सवय नाही. मीठ हवे का असे विचारले, तरी भाजी कोणी आणली, ती कशी निघाली आणि अर्जदारास बाजारातले काय कळते, येथून सुरुवात होत असे. ही माहिती वैयक्तिक वाटेल, परंतु पुढील मुद्द्यांसाठी आवश्यक आहे.

२) लाभार्थीस स्नायू एकेक करून निकामी करणारा आजार आहे. आधी हात गेले, मग पाय, मग वाचा. तिच्या जिभेला हाड नाही असे अर्जदाराची आई म्हणत असे; त्या जिभेला आता तोंडातला घास वळवता येत नाही. बुबुळे तेवढी हुकमात राहिली आहेत. आपल्या कार्यालयाने तिला लिनक्स या खुल्या प्रणालीवर चालणारा संगणक दिला, त्याबद्दल अर्जदार आपला जन्माचा ऋणी आहे व हे वाक्य त्याने प्रत्येक अर्जात लिहिले आहे. पडद्याखालचा कॅमेरा बुबुळांकडे पाहतो. लाभार्थी ज्या अक्षरावर नजर थोडी थांबवेल ते अक्षर उमटते आणि मशीनमधील बाई ते लिहिलेले बोलून दाखवते. या बाईचा आवाज लाभार्थीस पहिल्या दिवसापासून पटला नाही. तिने लिहिलेले पहिले वाक्य असे होते : "ही कोण? गाडी लागल्यासारखी बोलते." दुसरे वाक्य : "तुमच्या बनियनला पाठीत भोक पडलंय. रोज दिसत होतं, सांगता येत नव्हतं." त्या दिवशी अर्जदार टपरी न उघडता घरी बसून राहिला आणि ती सांगेल ते ऐकत राहिला. घर पुन्हा घरासारखे झाले होते.

३) डोळ्याचे चित्र क्षणोक्षणी तपासण्याचे काम संगणकातील ग्राफिक्स कार्ड करते. त्या कार्डास हुकूम समजावून सांगणाऱ्या सॉफ्टवेअरला ड्रायव्हर म्हणतात, असे अर्जदाराच्या भाच्याने, जो संगणक दुरुस्तीचे दुकान चालवतो, त्यास समजावले. ड्रायव्हर दोन मिळतात. एक कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा, जो आतून कसा आहे हे कंपनी कोणास दाखवत नाही. दुसरा लिनक्ससोबत येणारा खुला, जो जगभरच्या भल्या माणसांनी कंपनीच्या मदतीवाचून खटपट करून तयार केला आहे. अर्जदाराचे खुल्या ड्रायव्हरशी वैर नाही. त्याच्या धंद्याच्या भाषेत ती अंदाजाने घासलेली किल्ली आहे, आणि पुष्कळ कुलपांना ती लागतेही. या कार्डात ती आत जाते, फिरत नाही. मशीन देताना पुरवठादाराने कंपनीचा ड्रायव्हर बसवून दिला होता आणि सारे सुरळीत चालले होते.

४) दरम्यान लाभार्थीच्या श्वासाचे स्नायू थकू लागले. रुग्णालयातील डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून स्वच्छ सांगितले : "पुढे श्वास पुरेनासा होईल. तेव्हा गळ्यातून नळी घालून यंत्रावर ठेवायचं की नाही, हे तुम्ही आत्ताच सांगून ठेवा. नळी घातली तर तुम्ही पुष्कळ वर्षं जगाल, पण अशाच. नाही घातली तर त्रास न होता जाल, तेवढं आम्ही बघू. दोन्हीत चूक काही नाही. पण ठरवणार तुम्ही, काका नाहीत." लाभार्थीने वेळ मागून घेतला. त्यानंतर अर्जदाराने तिला या विषयावर एकदाही विचारले नाही. छातीच झाली नाही.

एके दिवशी संध्याकाळी तिने आपणहून लिहिले : "नळीचं माझं ठरलंय. आज डोळे दमलेत. सकाळी सांगते."

५) दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जदाराने तिचे तोंड पुसले, उशी नीट केली, स्वतःचा चहा घेतला नाही व पडद्यासमोर खुर्ची ओढून बसला. लाभार्थीने लिहिण्यास सुरुवात केली. मशीनमधील बाई म्हणाली : "ऐका. नळीबद्दल माझं म्हणणं असं आहे की". तेवढ्यात दाराची बेल वाजली.

आपले तंत्रज्ञ वार्षिक तपासणीस आले होते. माणूस स्वभावाने चांगला आहे, याबाबत अर्जदाराची काही तक्रार नाही. त्यांनी दारात बूट पुसले, लाभार्थीची चौकशी केली. अर्जदार म्हणाला, "तिचं वाक्य चाललंय, तेवढं होऊ द्या." ते म्हणाले, "काका, मला अजून तीन घरं करायचीत. दहाच मिनिटं. वाक्य कुठं पळून जातंय?" मग त्यांनी कळफलक लावला, आत पाहिले आणि म्हणाले, "अरेच्चा, यात कंपनीचा बंद ड्रायव्हर आहे. हा चालत नाही आता. काढावा लागेल." त्यांनी तो काढला, मशीन बंद करून पुन्हा सुरू केले, मागील बाजूच्या, पेनड्राइव्ह वगैरे लावायच्या खोबण्यांवर कार्यालयाचे सील चिकटवले आणि "आता नियमात बसलं" असे सांगून गेले. तपासणीच्या शेऱ्यात 'समाधानकारक' असे लिहिले आहे.

६) तेव्हापासून लाभार्थीची नजर एका अक्षरावर असते आणि पडद्यावरची खूण मागच्याच अक्षरावर रेंगाळत असते. खूण तेथे पोचेपर्यंत नजर पुढे गेलेली असते. गाडी फलाटाला लागण्याआधीच ती सुटल्याची सूचना व्हावी, तसा प्रकार आहे. त्या दिवशी 'की'च्या पुढे तिने जे लिहिले ते असे उमटले : "ममनग गसस ननव". मशीनमधील बाईने ते तितक्याच गांभीर्याने वाचून दाखवले. लाभार्थीने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस तिने डोळे मिटून घेतले आणि दिवसभर उघडले नाहीत.

७) कोणी म्हणेल, हो-नाही तर विचारता येईल. येते. नजर वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. तहान, कूस, खाज, खिडकी, हे सारे तसेच चालते. परंतु नळीचे विचारले की लाभार्थी वरही पाहत नाही, खालीही पाहत नाही. ती पडद्याकडे पाहते. तिला हो म्हणायचे नाही आणि नाहीही म्हणायचे नाही. तिला सांगायचे आहे, आणि ते 'की'पासून पुढे आहे. अर्जदाराने प्लास्टिकच्या पारदर्शक पत्र्यावर अक्षरे चिकटवून तो तिच्यासमोर धरून पाहिला. अर्जदाराच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्यामुळे ती बघते एकीकडे आणि त्यास दिसते भलतीकडे. शिवाय डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, हे तुम्ही वाचलेलं झालं. त्यांनी सांगितलेलं नाही झालं. उद्या तुमचं तुम्हालाच खरं वाटणार नाही." हे त्यांनी बरोबर सांगितले. आताच अर्जदारास आपण त्या पत्र्यावर वाचलेल्या कशाचाच भरवसा वाटत नाही.

८) आता अर्जांविषयी. पहिल्या अर्जावर उत्तर मिळाले की, बंद सॉफ्टवेअरच्या आत काय चालते हे कोणास दिसत नसल्याने ते शासकीय साधनात ठेवता येत नाही. महोदय, लाभार्थीच्याही आत काय चालते हे कोणास दिसत नाही. म्हणून तर मशीन दिले होते.

दुसऱ्या अर्जावर कळवण्यात आले की, अर्जदाराने कंपनीकडून ड्रायव्हरचा आतला मजकूर उघड करून आणल्यास विचार होईल. अर्जदाराने भाच्याकरवी कंपनीस लिहिले. कंपनीचे उत्तर लगेच आले. त्यात आमच्याशी संपर्क साधल्याचा आनंद व्यक्त करून हा अनुभव कसा वाटला यासाठी पाचपैकी किती तारे द्याल, असे विचारले होते. पुढे काही आले नाही.

तिसऱ्या अर्जानंतर खिडकीवरील बाईंनी अर्जदारास बाजूला घेऊन सांगितले, "काका, अपवादाचं एक कलम आहे. सांगू नका असं वरून आलंय म्हणून आम्ही गप्प असतो, पण आहे." त्या कलमानुसार लाभार्थीने स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय व त्याच साधनावर, 'ड्रायव्हरअभावी मला हे साधन वापरता येत नाही' असे निवेदन लिहून द्यावयाचे होते. म्हणजे ज्यास साधन वापरता येत नाही, त्याने ते वापरता येत नाही हे साधन वापरून लिहावयाचे. अर्जदाराने हे खिडकीवर बोलून दाखवले. बाई म्हणाल्या, "मला कळतंय हो काका. पण कलम मी लिहिलं नाही."

९) लाभार्थीने ते निवेदन लिहिले. सकाळी सुरू केले, उन्हे खिडकीतून पलंगावर आली आणि निघून गेली, तरी ती लिहीत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते श्रमाचे की रडण्याचे हे सुरुवातीस कळले नाही, नंतर कळले. अर्जदारानेही मग तोंड फिरवून घेतले. निवेदनाची प्रत सोबत जोडली आहे. ती वाचण्यासारखी नाही, पाहण्यासारखी आहे.

त्यावर आपल्या कार्यालयाचा निर्णय असा की, निवेदनात 'न' हे अक्षर वारंवार आले असल्याने लाभार्थीचा ड्रायव्हरला नकार आहे असे समजण्यात येत आहे. तसेच मजकुरास अर्थसंगती नसल्याने लाभार्थी साधन वापरण्यास मानसिकदृष्ट्या सक्षम दिसत नाही, सबब साधन परत घेऊन प्रतीक्षायादीतील पुढील व्यक्तीस द्यावे. आधीच दुष्काळ, त्यात हा तेरावा महिना. जी बाई पहिल्या ओळीत नकार देण्याइतकी शहाणी होती, ती दुसऱ्या ओळीपर्यंत वेडी कशी झाली, याचा खुलासा नोटिशीत नाही. बसस्थानकावर असता तिच्या खिडकीशी कोणी असे बोलते, तर त्यास तिने सर्व फलाटांना ऐकू जाईल असे उत्तर दिले असते. ते उत्तर अर्जदारास येत नाही. त्याने नोटीस घडी करून खिशात ठेवली आणि लाभार्थीस ती वाचून दाखवली नाही.

१०) येथे भाच्याचा उल्लेख करणे भाग आहे. तो म्हणाला, "मामा, कंपनीचा ड्रायव्हर माझ्याकडे पेनड्राइव्हवर तयार आहे. सील सोलायचं, पेनड्राइव्ह लावायचा. पासवर्डची काळजी नको, मशीन सुरू होतानाच आत शिरता येतं. चहा उकळेपर्यंत मामी बोलायला लागेल." अर्जदार नको म्हणाला. भाचा चिडला. म्हणाला, "मामी मुकी होऊन पडलीय आणि तुम्ही सील सांभाळताय? उभ्या गावाची कुलपं उघडता की तुम्ही!"

तो रागाने बोलला, पण त्याने मर्मावर बोट ठेवले. कुलूप उघडणे अर्जदारास कठीण नाही. परंतु या धंद्यास एक रीत आहे व ती अर्जदारास त्याच्या उस्तादांनी हत्यार हाती देण्याआधी सांगितली होती. मालक स्वतः दारात उभा राहून आपल्या तोंडाने 'उघडा' म्हणत नाही तोवर कुलपास हात लावायचा नाही. आणि कुलूप उघडले की दाराकडे पाठ करून उभे राहायचे, आत बघायचे नाही. ही रीत पाळली म्हणून लोक अर्जदारास निर्धास्तपणे घरात घेतात. न पाळणाऱ्यास लोक दुसऱ्या नावाने ओळखतात, आणि त्याचीही बोटे अर्जदाराइतकीच चांगली चालतात. मशीनच्या पाठीवर 'मालकी : सहायक साधने कार्यालय' अशी पट्टी आहे. म्हणून अर्जदार चार वेळा आपला मागील जिना चढला. आपल्या तोंडून 'उघडा' हा एक शब्द हवा होता.

११) काल सकाळी अर्जदार मशीनवरची धूळ पुसत होता. पुसण्यासाठी त्याने ते थोडे फिरवले तेव्हा मागील सील लाभार्थीच्या समोर आले. तिने सीलकडे पाहिले. मग अर्जदाराकडे. मग दारामागे खिळ्याला अडकवलेल्या हत्यारांच्या पिशवीकडे. अर्जदारास वाटले, सहज नजर गेली असेल. तिने पुन्हा तसेच केले : सील, अर्जदार, पिशवी. तिसऱ्यांदा करताना तिच्या डोळ्यांत ती जुनी चीड होती, बसस्थानकावर एकच सूचना तिसऱ्यांदा द्यावी लागल्यावर आवाजात येत असे ती.

अर्जदाराने विचारले, "उघडू?"

लाभार्थीने नजर वर केली. नळीच्या प्रश्नास जिने हो-नाहीत उत्तर दिले नाही, बोलती असताना जिने कशासच एका शब्दात उत्तर दिले नाही, तिने हे दिले.

अर्जदार काल दिवसभर यावर विचार करीत होता. टपरीवर त्याने एका गिऱ्हाइकाची किल्ली उलटी घासली. विचाराअंती त्याचे मत असे झाले आहे की, आजवर तो चुकीच्या मालकाकडे खेपा घालत होता. मशीन आपले आहे, कार्ड आपले आहे, सील आपले आहे, याबद्दल वाद नाही. आत अडकून पडलेले वाक्य मात्र तिचे आहे. त्या वाक्याची मालकीण स्वतःच्या दारात उभी राहिली आहे आणि 'उघडा' म्हणाली आहे. आता हात आखडता घेणे रीतीला धरून होणार नाही.

१२) सबब अर्जदार कळवतो की, डॉक्टरीणबाईंनी येत्या मंगळवारपर्यंतच मुदत दिली आहे. त्या दिवसापर्यंत लाभार्थीकडून काही न कळल्यास नळीबाबतची सही अर्जदारास करावी लागेल. म्हणून सोमवारी सकाळी लाभार्थीचे तोंड पुसून झाल्यावर अर्जदार स्वतःच्या हाताने सील काढील व भाचा कंपनीचा ड्रायव्हर बसवील. यात भाच्याचा दोष धरू नये. आपली परवानगी तोवर आल्यास उपकार होतील. न आल्यास आपल्या नोटिशीनुसार आपले कर्मचारी मशीन न्यावयास यावेत. अर्जदार आडवा येणार नाही, गयावया करणार नाही, खाली उतरवताना एक बाजू धरील.

फक्त तिचे वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबावे. ते लांबेल, कारण ती मुळापासून सांगेल. कर्मचाऱ्यांसाठी जिन्याच्या वळणावर दोन खुर्च्या ठेवल्या आहेत.

१३) तिचे उत्तर काय असेल हे अर्जदारास माहीत नाही. तिने नळी नको म्हटले, तर मशीन तसेही लवकरच मोकळे होईल. हवी म्हटले आणि तरीही आपण मशीन नेले, तर ती पुष्कळ वर्षे जगेल आणि त्यांतल्या एकाही दिवशी बोलणार नाही. निर्णय घेताना ही दुसरी शक्यताही विचारात घ्यावी, अशी नम्र विनंती आहे. यांपैकी काहीही झाले, तरी मशीन ज्या घरी पुढे जाईल तेथे हा ड्रायव्हर तसाच राहू द्यावा. त्या घरीही कोणाचे तरी वाक्य अर्धवट असेल.

१४) शेवटी थोडे वैयक्तिक स्वरूपाचे लिहिण्याची मुभा असावी. त्यासाठी अर्ज परत करू नये, कारण पुन्हा लिहिण्यास वेळ नाही. ती लिहायला लागली की मी रीतीप्रमाणे पाठ करून उभा राहणार आहे. मशीनमधली ती बाई बोलेल आणि मी ऐकेन. तिचे मरण-जगणे मला ठरवायचे नाही हो, साहेब. 'की'च्या पुढे तिला काय म्हणायचे होते, तेवढे मला तिच्याकडून ऐकायचे आहे.

आपला, आजवर नम्र राहिलेला,

(सही)
अर्जदार, कुलूप-किल्लीवाला

दिनांक : १४, शुक्रवार

सोबत :
१) आपल्या नोटिशीची प्रत.
२) लाभार्थीच्या निवेदनाची प्रत.
३) डॉक्टरीणबाईंचे पत्र.
४) किल्ली एक, अर्जदाराच्या घराच्या दाराची, आजच घासलेली व लावून पाहिलेली. कर्मचाऱ्यांनी हिने दार उघडून आत यावे. बेल वाजवू नये.